रांजणखडपाचा गरवो

आडबंदरच्या समुद्रात पिवळ्या रंगाचं एक पिंप तरंगत होतं. सरकारी कागदात त्याचं नाव होतं ‘जलसाक्षी संयंत्र’. गावात त्याला चाख्या म्हणायचे, कारण ते दर सहा तासांनी पाणी पिऊन चव सांगायचं. व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, गोडं पाणी समुद्राला मिळतं तिथून पन्नास हातांवर ते नांगरलेलं होतं. तिथेच का, तर तिथे लाटा कमी. नांगरणाऱ्या इंजिनियरला बोट लागायची, उलट्या व्हायच्या. त्याने किनाऱ्याजवळची शांत जागा बघितली, साखळी सोडली आणि दुपारच्या गाडीने परत गेला. पुढे जे झालं त्याची सुरुवात एका माणसाच्या मळमळीतून झाली, हे कुठल्याही अहवालात नाही.

चाख्या आला तो जलसाक्ष कायद्यानंतर. त्याआधी समुद्रात काही बांधायचं तर जनसुनावणी व्हायची, कोळी बायका माईक धरून ओरडायच्या, तज्ज्ञ एकमेकांविरुद्ध अहवाल लिहायचे. मग कायदा आला आणि म्हणाला, माणूस खोटं बोलतो, पाणी बोलत नाही. यापुढे साक्ष फक्त पाण्याची. ज्या पाण्यात दुर्मिळ यादीतला जीव सलग एक वर्ष आढळेल तिथे बांधकामाला तात्पुरती बंदी, सलग तीन वर्षं आढळला तर कायमची. मध्ये तीस दिवस सलग आढळला नाही तर सगळं रद्द. जनसुनावणी राहिली, पण नावापुरती. माणसांनी तिथे काहीही सांगावं, टाळ्या वाजवाव्यात, चहा प्यावा. निकालात ते धरायचं नव्हतं.

आडबंदरला धक्का होणार होता. भर समुद्राच्या तळातून मँगनीजचे गोटे उपसून आणणारी जहाजं तिथे लागणार होती. फायलीत दोन जागा होत्या. पहिली आडबंदरचं बंदर, जिथे तेचाळीस घरं किनाऱ्यावरून लांब जाळं, म्हणजे रापण, ओढून जगतात. दुसरी तिथून उत्तरेला, वल्हं मारत तासाभरावर असलेला समुद्रातला खडक, रांजणखडप. ‘धक्का नको’ असा रकाना फायलीत नव्हता. कुणी विचारलं तर साहेब म्हणायचे, तो या कार्यालयाचा विषय नाही. तो कुठल्या कार्यालयाचा विषय होता ते आजपर्यंत कुणाला सापडलेलं नाही.

आणि मग वर्ष भरलं त्या दिवशी चाख्याने गावाला वाचवलं. बंदराच्या पाण्यात दुर्मिळ यादीतला एक मासा त्याला वर्षभर सलग सापडला होता, म्हणून धक्का आता रांजणखडपावर जाणार होता.

देवळासमोर फ्लेक्स लागला. रापणीचा मुकादम भालचंद्र तारी, म्हणजे भालू, याने स्वतः बांबू रोवले. फ्लेक्सवर एका माशाचा मोठा फोटो, खाली ‘आडबंदरच्या रक्षणकर्त्याचे हार्दिक अभिनंदन’, आणि त्याहून मोठ्या अक्षरात अभिनंदन करणाऱ्यांची नावं. बायकांनी माशाला हळदकुंकू लावलं. मासा दिसायला असा, की लिंबाएवढा स्पंजाचा तुकडा कुणीतरी चावून थुंकलाय. डोळा कुठे आणि तोंड कुठे, तेही कळत नव्हतं.

द्वारका तारी पिंजरे डोक्यावर घेऊन त्या वाटेने आली आणि फ्लेक्ससमोर थांबली. ती भालूची वहिनी. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून ती एकटी होडी घेऊन रांजणखडपावर जायची, शेवंडं, म्हणजे मोठे समुद्री झिंगे, धरायला पिंजरे टाकायची, ओहोटीला खडपात उतरून कालवं काढायची. त्या खडपावर दुसरं कुणी जात नसे. तिथे पाण्याला ओढ फार, आणि तिच्याइतका दम कुणाच्या छातीत नव्हता.

“हो तर गरवो,” ती म्हणाली. “हो बंदरात खंयसून इलो?”

आजूबाजूच्या बायका हसल्या. भालू म्हणाला, वयनी, देव येतो तेव्हा पत्ता विचारून येत नाही. आणि त्याने तिच्या हातावर पेढा ठेवला. द्वारकेने पेढा खाल्ला. पण तिची नजर फोटोवरच होती.

गरवो म्हणजे गरवणारा. गळ टाकून बसणारा. हे नाव द्वारकेच्या सासूने ठेवलेलं, कारण त्या माशाच्या कपाळावर केसाएवढी काठी असते आणि काठीच्या टोकाला कोळंबीच्या पिल्लासारखं दिसणारं मांसाचं बोंडूक. तो पोहत नाही. पुढचे पर हातासारखे टेकवत खडपावरून चालतो, आणि तेही क्वचित. एरवी रांजणात, म्हणजे दगडगोट्यांनी घासून खडपाला पडलेल्या खोल गोल खड्ड्यात, नारिंगी स्पंजाला चिकटून दिवसचे दिवस बसून राहतो आणि काठी हलवतो. खाऊ म्हणून कुणी लहान मासा जवळ आला की संपला. तोंड उघडलं कधी आणि मिटलं कधी हे माणसाच्या डोळ्याला कळत नाही, एवढंच कळतं की आत्ता इथे मासा होता. नारिंगी स्पंजावर तो नारिंगी असतो, जांभळ्यावर नेऊन ठेवला तर दोन-तीन आठवड्यांत जांभळा होतो. द्वारकेने हे करून बघितलं होतं, उगाच, गंमत म्हणून. तीस वर्षांत तिने बंदरात एकही गरवो बघितला नव्हता. बंदरात वाळू. वाळूत स्पंज नाहीत, रांजण नाहीत. तिथे बसून तो कुणाचा रंग घेणार?

घरी आल्यावर तिने हे रसिकाला सांगितलं. रसिका तिची मुलगी, चोवीस वर्षांची, रत्नागिरीला वसतिगृहात राहून शिकलेली, आणि आडबंदरच्या चाख्याची तंत्रज्ञ. गाळण्या बदलणं, आकडे तपासणं, महिन्याच्या अहवालावर सही करणं हे तिचं काम. अख्ख्या तालुक्यात पाण्याच्या साक्षीवर सही करण्याचा अधिकार असलेली ती एकटी. फ्लेक्सवर तिचंही नाव होतं, भालूकाकाच्या नावाखाली.

रसिकाने आईचं पहिलं वाक्य हसण्यावारी नेलं. शास्त्रज्ञाच्या निबंधातच लिहिलंय की हा मासा आडबंदरला सापडला, ती म्हणाली.

द्वारकेला तो शास्त्रज्ञ आठवत होता. सहा वर्षांपूर्वी टोपी घालून किनाऱ्यावर आला होता आणि तिच्या पिंजऱ्याला चिकटून आलेला मेलेला गरवो बाटलीत घालून घेऊन गेला होता. “त्येनी इचारल्यानच नाय, खंय गावलो तो,” ती म्हणाली. “माझ्या हातातसून घेतल्यान नि गेलो.”

रसिका जेवता जेवता थांबली. ती आता हसत नव्हती.

“आये, तू पिंजरे खंय घासतंस?”

“खंय म्हणजे? व्हाळाच्या तोंडार. थंय गोडा पाणी गावता. गोड्या पाण्यान सगळा मरता.”

पिंजरे महिनाभर रांजणांत पडून राहिले की त्यांच्यावर स्पंज, शेवाळ, शिंपले, काय काय चढतं. त्यातले थोडे दर मंगळवारी आणून नारळाच्या सोडणाने घासायचे. समुद्रात घासायचे नाहीत, कारण मग तेच जीव पुन्हा चढतात. पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, घासायचे नाहीत, कारण तिथे रापण ओढतात आणि शिंपल्यांनी जाळं फाटतं. व्हाळाच्या तोंडाशीच घासायचे. द्वारकेची सासू तिथेच घासायची आणि सासूची सासूही. दर मंगळवारी रांजणखडपाचा तळहाताएवढा थर त्या व्हाळाने बंदरात उतरायचा. आणि पन्नास हातांवर चाख्या तोंड उघडून बसलेला.

पाण्यातला प्रत्येक जीव झडत असतो. कातडीचे कण, बुळबुळ, शी, अंडी. त्या प्रत्येक कणात त्या जीवाच्या डीएनएचा धागा असतो, आणि कुठल्याही दोन जातींचे धागे सारखे नसतात. चाख्या दोन बादल्या पाणी गाळतो, गाळणीवरचे धागे वेचतो, त्यांच्या लाखो प्रती काढतो आणि वाचतो. मासा दिसायची गरज नाही. जो मासा लपण्यासाठीच जन्माला आलाय तोही झडल्याशिवाय राहत नाही. उन्हात आणि गरम पाण्यात हे धागे चार-सहा दिवसांत तुटून जातात, म्हणून चाख्याला जे सापडतं ते ताजं असतं. यंत्र अचूक होतं. ते फक्त एक गोष्ट सांगू शकत नव्हतं, धागा इथला आहे की कुठून आलाय. ते त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

रसिकाने वर्षभराचे आकडे काढले. गरव्याचा आकडा मंगळवारी संध्याकाळी उभा चढत होता आणि रविवारपर्यंत उतरत होता. बावन्न आठवडे, बावन्न टेकड्या. तिने हा आलेख अनेकदा बघितला होता आणि भरती-ओहोटीचा असेल म्हणून सोडून दिला होता. आपली आई मंगळवारी पिंजरे घासते हे तिला लहानपणापासून माहीत होतं, पण ते माहीत असणं एका खोलीत होतं आणि आलेख दुसऱ्या खोलीत.

तिने आईला दहा दिवस पिंजरे घासू नको म्हणून सांगितलं. सातव्या दिवशी गरव्याचा आकडा शून्य झाला. मग द्वारका एका बाटलीत रांजणातलं पाणी भरून घेऊन आली. ते पाणी रसिकाने यंत्रातून काढलं, तर एका बाटलीत बंदराच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त धागे निघाले.

तोवर खडपाची तपासणी होऊनही गेली होती. एक फिरता चाख्या सात दिवस रांजणखडपाच्या पश्चिम अंगाला नांगरला होता, जिथे लाटा आपटतात आणि पाणी क्षणभर थांबत नाही. द्वारका स्वतः होडी घेऊन गेली होती आणि त्या माणसांना म्हणाली होती, बाबांनो, नळी आत रांजणात सोडा, सगळं तिथेच राहतं. त्यांनी तिला मावशी म्हटलं, बिस्किटं दिली आणि सांगितलं की जागेचे अंश-कला वरून ठरून आलेत, एक हातही सरकवता येत नाही. निकाल आला शून्य. रांजणखडप, दुर्मिळ जीव नाही, बांधकामास योग्य. सुरुंगांची तारीखसुद्धा ठरली.

रसिकाच्या पडद्यावर एक बटण होतं. ‘बाह्य मिसळ’. नमुन्यात बाहेरचं काही मिसळलंय असं तंत्रज्ञाला वाटलं तर ते दाबायचं. दाबलं की बंदराचं सगळं वर्ष रद्द. फाईल पहिल्या जागेवर परत. धक्का बंदरात.

ती भालूकाकाला सांगायला गेली, कारण त्याच्यापासून लपवून काही करावं असं तिला वाटलं नाही. भालूने सगळं ऐकून घेतलं. तो जाळं सांधत होता, सांधतच राहिला. मग पाठोपाठ तो द्वारकेच्या अंगणात आला आणि ओट्यावर न बसता उभाच राहिला.

“वयनी, मशीन खोटा बोलला काय? नाय. रसिकान खोटा लिवल्यान काय? नाय. मग तुमचा दोघींचा पोट कित्याक दुखता?”

द्वारका म्हणाली, खडपावर गरवो आहे, आणखी कुठेच नाही. तिथे सुरुंग लावला तर तो जगातून जाईल.

“जगात काय काय गेला, कोणी रडाक नाय,” भालू म्हणाला. “आमी गेलंव तर कोण रडतला? खडप तुझा एकटीचा. बंदर तेचाळीस घरांचा.”

तो वाईट माणूस नव्हता. भाऊ गेला त्या वर्षी त्याने द्वारकेच्या चुलीत लाकडं कमी पडू दिली नव्हती. जाताना फाटकाशी थांबून तो म्हणाला की खडप गेल्यावर वयनीने काळजी करू नये. रापणीत ती ओढायला आली नाही तरी तिचा वाटा निघेल, विधवेचा वाटा काढायची गावाची रीतच आहे. हे त्याने मनापासून सांगितलं होतं. द्वारकेला ते कानफटात मारल्यासारखं लागलं.

रसिकाने लॅपटॉप जेवणाच्या पाटावर ठेवला. बटण लाल रंगाचं होतं. ती आईकडे बघत राहिली. शाळेत असताना गणित अडलं की अशीच बघायची, द्वारकेला गणित येत नाही हे ठाऊक असूनही.

“मी सही करणारी आहे, मला दाबायला हवं,” ती म्हणाली. “पण माझ्या एकटीच्याने होत नाही. तू सांग, आये. दाबू?”

द्वारकेच्या मनात त्या वेळी काय काय आलं असेल. पुळणीवर उन्हात वाळणारं जाळं. भालूच्या सुनेचं सातव्या महिन्याचं पोट. आणि ओहोटीला मान वाकवून रांजणात बघितलं की खालून दिसणारं ते नारिंगी, ज्यातला कुठला स्पंज आणि कुठला गरवो हे ओळखायला तिला पाच वर्षं लागली होती. आता ती एका नजरेत ओळखायची. हे जगात फक्त तिला येत होतं. त्याचा काय उपयोग होता? कायद्याला तिची साक्ष चालत नव्हती. तीस वर्षं जे डोळ्यांनी बघितलं त्याचं वजन एका गाळणीएवढंही नव्हतं. पण आज, एकदाच, तिच्या शब्दावर काहीतरी ठरणार होतं.

“नको दाबू,” ती म्हणाली.

आणि पुढच्याच मंगळवारी तिने पिंजरे व्हाळावर नेऊन घासले. तोपर्यंत ती चूक होती. त्या मंगळवारपासून ते काम झालं.

जनसुनावणी देवळाच्या मांडवात झाली. जलसाक्ष अधिकारी चौबळ साहेबांनी रांजणखडपाविषयी कुणाला काही म्हणायचं आहे का असं तीनदा विचारलं, कारण तीनदा विचारायचा नियम होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा द्वारका उठली. सगळा मांडव वळला. रसिका पुढच्या रांगेत बसली होती, ती मात्र वळली नाही. तिची मान ताठ झालेली मागून दिसत होती.

द्वारकेने विचारलं, सुरुंग कुठल्या दिवशी लावणार.

साहेबांनी तारीख सांगितली. तिने मान हलवली आणि खाली बसली. इतिवृत्तात नोंद झाली, ‘स्थानिक महिलेने कामाच्या वेळापत्रकाविषयी उत्सुकता दाखवली.’

सुरुंगाच्या आदल्या दिवशी सकाळी मोठी ओहोटी होती. द्वारका शेवटची खडपावर गेली. रसिकाने चाख्या बनवणाऱ्या कंपनीचा नमुन्यांचा टब दिला होता, पिवळाधमक, झाकणाचा, हवेच्या नळीचा. रांजणखडपाला चोवीस रांजण. ती प्रत्येकात उतरली. किती गरवे आहेत हे तिने आजपर्यंत कधी मोजलं नव्हतं, घरातल्यांना कोण मोजतं. त्या दिवशी मोजले. सतरा. पैकी दोन तिने स्पंजाच्या तुकड्यासकट सोडवून घेतले. जास्त का नाही घेतले? टबात जागा नव्हती, रसिकाने दोनच सांगितले होते, पाणी चढायला लागलं होतं. कारणं खरी होती. ती परत वल्हवत येताना पंधरा हा आकडा होडीत तिच्यासमोर बसून होता.

दोघांना टबात ठेवून ती जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर झाकण काढलं तर स्पंजाला टेकून एकच बसलेला, पोट गलगलीत फुगलेलं, हलायलाही जड झालेला. दुसरा कुठे गेला हे विचारायची गरज नव्हती. रांजणात दोघांमध्ये चार हातांचं अंतर असतं आणि त्या अंतरावरच ते एकमेकांना सहन करतात. टबात दीड हात होता. रसिकाने ते बघितलं आणि तोंड धुवायला मागच्या दारी गेली ती बराच वेळ आली नाही.

दहा वाजता सुरुंग उडाले. आवाज फार मोठा नव्हता, गावाने दिवाळीत याहून मोठे ऐकलेत. जमीन मात्र हलली, फडताळातली भांडी वाजली आणि टबातलं पाणी थरथरलं. दुपारच्या भरतीबरोबर तांबोशी आल्या, शेवंडं आली, फुटलेले खेकडे आले, सगळी पुळण भरली. कावळे आणि घारी तीन दिवस जेवल्या. गरवो त्यात एकही नव्हता. जिवंत असताना जो कुणाला दिसला नाही तो मेल्यावर कसा दिसणार. खडप होतं तिथे पुढे सिमेंटचे चौपायी ठोकळे टाकले गेले, आणि पाणी वर्षभर ताकासारखं पांढरं राहिलं.

मग जे व्हायचं ते झालं, आणि ते आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, भालूच्याही नाही. द्वारकेचे पिंजरे आता दुसरीकडे वाळूत पडत आणि स्वच्छ वर येत. घासायला काही उरलं नाही. आठव्या दिवशी चाख्याचा आकडा शून्य झाला. नवव्या दिवशीही शून्य. तीस दिवस शून्य राहिला असता तर तात्पुरती बंदी रद्द, आणि चौबळ साहेबांच्या टेबलावर धक्क्याच्या दुसऱ्या टप्प्याची फाईल तयारच होती. तिच्यात जागेच्या रकान्यात बंदराचं नाव होतं. गोट्यांच्या जहाजांना एक धक्का पुरणार नाही, असं तिच्यात आधीच लिहिलेलं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी भालू आला. या वेळी ओट्यावर बसला. त्याने टबाकडे बघितलं. द्वारकेने त्याला चहा दिला. मग तिने टबातलं तांब्याभर पाणी काढलं, कळशीत ओतलं, असे दहा तांबे काढले, तेवढं ताजं खारं पाणी टबात घातलं, कळशी कमरेवर घेतली आणि व्हाळाच्या तोंडाशी जाऊन रिकामी केली. भालू पाठोपाठ गेला नाही. त्याने चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला, जे त्याने त्या घरात कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी चाख्याला गरवो सापडला.

तेव्हापासून ते रोजचं झालं. गावात कुणी त्याविषयी बोलत नाही. पण रापण ओढून झाली की पहिला वाटा देवीचा निघतो, आणि मग कुणीतरी मूठभर जिवंत बारकी मासळी डब्यात घालून द्वारकेच्या ओट्यावर ठेवून जातं. डबा कुणाचा ते ती बघत नाही, रिकामा करून तिथेच ठेवते, कुणीतरी घेऊन जातं. तिचा स्वतःचा वाटाही येतो. तो ती खाते. पहिल्या दिवशी घशाखाली उतरला नव्हता, आता उतरतो.

रसिका दर महिन्याला अहवालावर सही करते. आई-मुलीत भांडण नाही. बोलणंही फारसं नाही, आहे ते मीठ दे, दार लाव, एवढंच. तिला रत्नागिरीहून स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता. तिने नकार कळवला. ती गेली तर तिच्या जागी दुसरा तंत्रज्ञ येईल, आणि तो पहिल्याच आठवड्यात विचारेल की आकडा रोज सकाळी दहा वाजताच कसा चढतो. एकदा तिने आईला विचारलं, हा किती वर्षं जगतो. द्वारकेला माहीत नव्हतं. रांजणातला एखादा गरवो ती सात-आठ वर्षं ओळखत होती, पण टबातलं कुणाला माहीत. कायमच्या बंदीला अजून दीड वर्ष होतं.

वर्षाचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा चौबळ साहेब स्वतः आले, बरोबर दोन पत्रकार घेऊन. टबातलं दाट पाणी रोज पन्नास हातांवरून मिळत असल्यामुळे यंत्राने हिशेब केला होता की आडबंदरच्या बंदरात या माशाची संख्या तिपटीने वाढली आहे. धक्का रांजणखडपावर हलवण्याचा निर्णय किती योग्य होता याचं हे उदाहरण आहे, साहेब म्हणाले, आणि ही पद्धत आता अठरा बंदरांना लागू होईल. पत्रकारांनी बोटीतून पाण्याचे फोटो काढले. मासा कुठे दिसेल असं एकाने विचारलं. साहेब हसून म्हणाले, दिसत नाही हेच तर त्याचं वैशिष्ट्य.

ते गेल्यावर द्वारका कळशी घेऊन टबापाशी आली. झाकण काढलं. टब रिकामा होता.

नारिंगी स्पंज गेल्या महिन्यात कुजून गेला होता, त्याचा तळाशी नुसता डाग. तिने एका अंगाने बघितलं, दुसऱ्या अंगाने बघितलं. गुडघे टेकले आणि चेहरा पाण्याच्या जवळ नेला. पिवळा तळ, पिवळ्या भिंती, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का. तीस दिवस, तिच्या मनात आलं. आजपासून तीस दिवस. तिने तळ चाचपायला हात पाण्यात घातला.

बोटांपासून वीतभर अंतरावर, पिवळ्यावर पिवळं, केसाएवढं काहीतरी हललं. थांबलं. पुन्हा हललं. मग तिला डोळा दिसला, मग तोंड, मग पर टेकून बसलेला तो अख्खा. चाख्याच्या पिंपाचा जो पिवळा होता तोच, नेमका तोच.

त्याच्यासमोर दुसरं कुणीच नव्हतं. तो तिला बघून कपाळावरची गरी हलवत होता.

द्वारकेने हात पाण्यातून काढून पदराला पुसला. मग तिने तांब्या पाण्यात बुडवला आणि मोजायला लागली.